आधी दाब, मग रंग

१९९४ साल. मालक तेव्हा बावन्न वर्षांचे होते, आणि त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, पुठ्ठ्याचा तुकडा असायचा. बुटाच्या खोक्याचा, औषधाच्या डब्याचा, मिळेल त्याचा. सही करायची वेळ आली की आमच्यापुढे हात पसरायचे. पुठ्ठा मात्र स्वतःचा. लग्नकार्याला गेले तरी झब्ब्याच्या खिशातून पुठ्ठ्याचं टोक वर आलेलं असे. एकदा वहिनी, म्हणजे मालकीणबाई, माझ्यादेखत म्हणाल्या, "आहेरात देणार आहात का तो?"

मालक म्हणाले, "दिला तर उपयोगाचा एवढाच असेल."

तुम्ही विचाराल, एका कारखानदाराला पुठ्ठा कशाला लागतो? सांगतो. आमचा कारखाना दाबाच्या हत्यारांचा. तेलाच्या दाबावर चालणारे जॅक, दांड्यावर घट्ट बसलेलं चाक ओढून काढणारे पुलर, पोलादी दोर कापायच्या कात्र्या. कडेवर घेता येईल एवढं हत्यार, पण भरलेला ट्रक उचलणार. ट्रकच्या टायरात हवा असते ना, तिच्या शंभरपट दाब आमच्या तेलात. एवढ्या दाबाचं तेल केसाएवढ्या फटीतून सुटलं तर डोळ्याला दिसत नाही. फार तर धुक्यासारखं काहीतरी भासतं. आणि त्याच्यासमोर बोट आलं तर तेल सुईसारखं कातडीतून आत शिरतं.

म्हणून गळती शोधायची ती पुठ्ठा फिरवून. पुठ्ठ्यावर ओला ठिपका उमटला की तिथं फट. "बोट नको, पुठ्ठा," हे वाक्य मालक दिवसातून एकदा तरी म्हणायचेच. कुणी गळत नसताना हात नेला तरी म्हणायचे.

कारण त्यांनी पाहिलं होतं. तरुणपणी ते एका मोठ्या कंपनीत नोकरीला होते. तिथं त्यांना काम शिकवणाऱ्या उस्तादांना सकाळी बोटाला काहीतरी टोचलं. मुंगी चावल्यासारखं. रक्त नाही, दुखणं नाही. उस्तादांनी बोट पॅन्टला पुसलं, काम केलं, दुपारी डबा खाल्ला, आणि मग सहज म्हणून ते बोट शेजाऱ्याला दाखवलं. संध्याकाळपर्यंत हात दुधीसारखा सुजला. शेवटी कोपरापासून कापला. "दुखत नाही, हीच त्याची खूण," मालक सांगायचे. "दुखलं असतं तर माणूस धावत सुटला असता."

शेडच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात दुसरं एक वाक्य लिहिलं होतं: 'आधी दाब, मग रंग.' नवं हत्यार जोडलं की ते उघड्या काळ्या लोखंडानिशीच दाबून बघायचं. ते टिकलं तरच रंगाला हात लावायचा. आधी रंग दिला तर रंग बारीक दोष झाकतो, आणि जिथं जाऊ नये तिथं जातो. "रंग म्हणजे पावडर. तोंड धुवायच्या आधी कुणी लावतं का?" हेही त्यांचंच.

आणि तिसरी रीत तोंडी होती. ज्यानं जोडलं त्यानंच दाबायचं. आपण बांधलेल्या हत्याराच्या पंपाचा दांडा आपल्याच हातात. दुसऱ्याच्या जिवावर टेस्ट नाही.

मी चौथी शिकलेला. लोणी काळभोरहून सायकलनं यायचो. कारखाना सोलापूर रस्त्यालगत, मांजरी गावाच्या बाजूला. पत्र्याची शेड, पुढं एक कडुलिंब. मालक शिकलेले, शहरातले, बोलणं लिंबाच्या सालीसारखं. माझं आणि त्यांचं कधीच पटलं नाही, म्हणून तर एवढी वर्षं टिकलं. मी अडून बसलो की ते मला "सरकार" म्हणायचे. "सरकारांची मर्जी झाली तर जॅक जोडून होईल का?" मी म्हणायचो, "होईल. नीट होईल तेव्हा होईल." ते म्हणायचे, "म्हणजे आमच्या तेराव्याला."

कारखाना उभा राहिला तो साखर कारखान्यांवर. उसाचा चरक बंद पडायचा, त्याच्या दांड्यावरचं कपलिंग, म्हणजे दोन दांडे जोडणारं जाड कडं, निघायचं नाही. लोक गॅसनं तापवायचे, घण घालायचे, बाहेर उसाच्या बैलगाड्यांची रांग वाढत जायची. परदेशी पुलर मागवायचा तर परवाने निघेपर्यंत हंगाम संपायचा. मालकांनी एका जुन्या लेथवर पहिला पुलर बनवला आणि तो घेऊन स्वतः गेले. कपलिंग 'टण्ण' करून सुटलं, तेव्हा तिथले कामगार टाळ्या वाजवत होते आणि हे पुठ्ठा घेऊन गळती शोधत होते. त्या दिवसापासून आमच्या बाकावर गिऱ्हाईक बसून राहू लागलं. चहा प्यायचं, वाट बघायचं, पण हत्यार घेऊनच जायचं.

मग देशाची दारं उघडली. परदेशी हत्यारं सरळ दुकानात आली. मऊ फोमच्या पेटीत बसवलेली, आरशासारखी चमकणारी. आमच्या बाकावरचं गिऱ्हाईक चहा पिऊन विचारू लागलं, "तुमचा रंगीत कॅटलॉग नाही का?" एक एक करून बाक रिकामा झाला. लेथवरची दोन पोरं कॉम्प्युटर शिकायला म्हणून गेली ती आलीच नाहीत. मालकांची लेकही कर्वेनगरच्या कॉलेजात तेच शिकत होती. मालक मोकळ्या बाकासमोरून जाताना नजर दुसरीकडे करायचे.

अशात ते पत्र आलं. एका परदेशी कंपनीला आपली हत्यारं इथंच बनवून घ्यायची होती. देशातल्या काही शेड बघून ती त्यांतल्या एकीची निवड करणार होती. निवड झाली तर आमच्या पत्र्याच्या शेडचा मोठा कारखाना होणार. नाही झाली तर त्यांचाच माल आमच्या उरावर बसणार. अट एकच: नवा जोडलेला जॅक, आणि त्याचा पहिला दाब त्यांच्या डोळ्यांसमोर.

जॅक मी जोडला. तीन-तीनदा पुसून जोडला. पाहुणे येणार त्याच्या आदल्या दिवशी मालक निळ्या रंगाचा डबा घेऊन आले.

मी म्हणालो, "हे काय?"

"याला रंग म्हणतात."

"दाब उद्या हाय ना? मग रंग परवा."

"पाहुण्यांपुढे काळा-उघडा नेऊ? त्यांच्या मालाशेजारी आपला स्मशानातून आणल्यासारखा दिसतो."

"जॅक हाय तो, नवरी न्हाई. भितीवर काय लिवलंय ते वाचा."

"भिंतीवर मी लिहिलंय, सरकार. मला वाचून दाखवू नका."

मी ब्रश हातात घेतला नाही. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि स्वतः रंग दिला. उकिडवे बसून, जीभ दातात धरून, एखादं पोर चित्र रंगवतं तसा. रंग छान दिला, खोटं कशाला बोलू? पण मी तसाच घरी गेलो, राम राम न करता.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. एक गोरा म्हातारा, आणि त्याच्याबरोबर दिल्लीचे एक साहेब. साहेबांना मराठी कळत नव्हतं, हे लक्षात ठेवा. एप्रिल महिना, पत्रा तापलेला. पाहुणे जाळीच्या मागं उभे. जॅक पोलादी चौकटीत. मी पंपाशी, कारण जोडला मी. मालक पलीकडच्या अंगाला, तेलाची नळी जॅकला जोडली जाते त्या कपलिंगपाशी. पाहुण्यांना तिथून त्यांची पाठ दिसत होती आणि मला तोंड.

मी दांडा मारत गेलो. आधी हलका जातो, मग जड, मग असा की छाती टेकवावी लागते. दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा चढत चढत लाल रेघेवर आला. मी हात थांबवला. आता फक्त धरून ठेवायचं होतं, म्हातारा मनगटावरच्या घड्याळातून मान वर करीपर्यंत. दाब धरलेल्या शेडमध्ये एक शांतता असते, ती तुम्हाला शब्दांत सांगता येणार नाही. लोखंड बारीक कण्हतं. माणूस थुंकी गिळतानाही विचार करतो.

काटा स्थिर होता. केसभर सरकला असेल, तेवढं चालतं. मालक कपलिंगकडे बघत होते. त्यांच्या कपाळावर मध्येच एक आठी उमटली. हात खिशाकडे गेला, पुठ्ठ्याकडे. आणि अर्ध्यातच थांबला.

मला त्या क्षणी कळलं. या धंद्यातल्या माणसासमोर पुठ्ठा काढणं म्हणजे गळतंय असं ओरडून सांगणं. तो म्हातारा धंद्यातला होता. मालकांचा हात खिशापासून खाली आला आणि त्यांनी बोट कपलिंगवर टेकवलं.

खांदा एवढासा उडाला. हात सरळ पॅन्टच्या खिशात गेला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. धर."

"हात खिशात का घातला?"

"थंडी वाजतेय."

"एप्रिलात?"

"हसून बोल. ते बघतायत."

मी हसलो. कसा हसलो असेन ते देवाला माहीत. मालकही हसत होते, आणि त्यांच्या ओठावर घाम होता. जाळीपलीकडून बघणाऱ्याला वाटलं असेल, दोन मराठी माणसं हवापाण्याच्या गप्पा मारतायत.

"बोट दाखवा, मालक."

"टेस्ट झाल्यावर."

"उस्तादांनीबी डबा खाल्ल्यावर दाखवलं हुतं."

त्यांचं हसू तिथंच थिजलं. पण हात खिशातून निघेना. "हे काम गेलं तर परत येणार नाही," ते हळू म्हणाले. "तुला कळतंय का? सगळे घरी बसतील. तू पण."

"हातबी परत येत न्हाई."

दिल्लीचे साहेब जाळीजवळ आले. "क्या बात है?"

"कुछ नहीं," मालक म्हणाले, "चाय का पूछ रहा है."

"बाद में, बाद में," साहेब म्हणाले.

काटा जागेवर होता. म्हाताऱ्यानं एकदा घड्याळ बघितलं, एकदा गेज बघितला. मान डोलवली. म्हणजे जॅक पसंत पडत होता. अजून थोडं धरलं असतं तर झालंच होतं. मालकांचा चेहरा पांढरा पडत चालला होता, आणि खिशातल्या हाताची मूठ उघडमीट होताना कापडावरून दिसत होती. बघत होते, बोटं हलतात का.

"मी सोडतो," मी म्हणालो.

"सोडलास तर उद्यापासून येऊ नकोस."

हे त्यांनी हसतच सांगितलं. मीही हसतच म्हणालो, "बरं." आणि वॉल्व्ह फिरवला.

तेल सुस्कारा टाकत टाकीत परतलं. काटा शून्यावर पडला. "फेल हो गया?" साहेबांनी विचारलं. मी म्हणालो, "फेल नहीं. हमने छोडा." मालक माझ्याकडे असे बघत होते, जणू मी त्यांच्या घराला काडी लावली होती.

मग मी चौकट ओलांडून गेलो आणि त्यांचा हात धरून खिशातून बाहेर काढला. मालकाच्या अंगाला हात लावायची आमच्यात रीत नव्हती. डाव्या हाताचं पहिलं बोट. टोकावर डास चावावा एवढा ठिपका, त्याच्याभोवती कातडी राखेसारखी. म्हातारा गोरा जाळी ढकलून आत आला, ते बोट त्यानं बघितलं, एकच शब्द बोलला आणि गाडीकडे पळत सुटला. त्या वयाचा माणूस तसा पळताना मी पुन्हा बघितला नाही. दिल्लीचे साहेब मागून विचारत होते की झालं काय. त्यांना कुणी सांगितलं नाही.

पाहुण्यांच्याच गाडीतून दवाखान्यात नेलं. मालक वाटेत एकदाच बोलले, "सीटला तेल लागेल." डॉक्टरांनी विचारलं, "दुखतंय?" ते म्हणाले, "नाही." डॉक्टरांनी लगेच ऑपरेशनची तयारी करायला सांगितली. आत जाताना मालकांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. मला वाटलं, आता काहीतरी मनातलं सांगतील.

"कपलिंग उघड," ते म्हणाले. "कुणाची चूक ते मला कळलं पाहिजे."

मी परत येऊन कपलिंग उघडलं. आत, जिथं पोलादावर पोलाद बसतं तिथं, नखाच्या कात्रणाएवढी रंगाची पापडी अडकली होती. निळी. मी ती चिमट्यानं काढली, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर ठेवली, तो तुकडा त्यांच्या टेबलावर ठेवला. बोलायचं काय? ती पापडीच बोलत होती.

शेडमधले लोक मात्र माझ्याशी बोलत नव्हते. काम हातातोंडाशी आलं होतं आणि मी ते सांडलं, असं त्यांचं म्हणणं. आजही कुणाचं तसं म्हणणं असेल तर असो. आजही मी वॉल्व्ह सोडीन.

पुढचं तुम्हाला थोडक्यात सांगतो. हात वाचला. बोटाचं पहिलं पेर काढावं लागलं. परदेशी कंपनीचं पत्र आलं, फार गोड पत्र, काम दुसऱ्याला दिल्याचं. त्यांचा माल बाजारात आला आणि आमच्या उरावर बसला, पण जीव काही गेला नाही. चरक अडला की साखरवाल्यांना फोमची पेटी आठवत नसे, आमचा बाक आठवे. मालक अर्ध्या बोटानंच काम दाखवायचे. नवा माणूस आला की ते बोट त्याच्या नाकासमोर धरायचे. "रंगीत कॅटलॉग हवाय ना? हा घे."

ते गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. लेकीनं जागा विकली. तिचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. तिथं आता काचेची इमारत आहे, कॉम्प्युटरवाल्यांची. मी एकदा फाटकासमोर उभा राहिलो. वॉचमन म्हणाला, "आजोबा, कुणाकडे जायचंय?"

मी म्हणालो, "कुणाकडं न्हाई. हितं आमची टेस्टिंगची चौकट हुती, ती जागा बघतोय."

त्यानं वही उघडली. "कितवा मजला?"

पण पेर काढायच्या आधी, त्या पत्राच्या आधी, एक सकाळ येऊन गेली. त्या टेस्टच्या दुसऱ्याच दिवसाची.

'उद्यापासून येऊ नकोस' हे मी विसरलो नव्हतो. माफी मागायला मी जाणार नव्हतो आणि काम मागायलाही नाही. पण माझे नट आवळायचे पाने तिथं होते, माझ्या पैशानं घेतलेले. ते आणायला म्हणून मी सकाळीच सायकल काढली. इतर कुणी यायच्या आत उचलायचे आणि निघायचं.

फाटकासमोर रिक्षा उभी होती. आत वहिनी, मांडीवर थर्मास, तोंड लाल. मला बघून म्हणाल्या, "डॉक्टर राउंडला यायच्या आत परत न्यायचंय यांना. तुम्ही तरी सांगा. माझं ऐकायची या घरात पद्धत नाही."

मी आत गेलो. मालक जमिनीवर बसले होते. दवाखान्याचा शर्ट, डावा हात कोपरापर्यंत पांढरा, गळ्यात अडकवलेला. त्या शर्टाला खिसा नव्हता, म्हणून पुठ्ठा बँडेजमध्ये खोचला होता. समोर तो निळा जॅक. उजव्या हातात पत्र्याची पट्टी, आणि ते जॅकवरचा रंग खरवडत होते. एका हातानं खरवडायचं म्हणजे काय होतं, करून बघा. पट्टी लावली की जॅक गडगडत जायचा. ते गुडघ्यानं अडवायचे, परत पट्टी लावायची, परत तो गडगडायचा. टेबलावरचा पुठ्ठा जागेवर नव्हता. तो त्यांच्या शेजारी जमिनीवर होता, निळ्या पापडीसकट.

त्यांनी मान वर केली नाही.

"उशीर केलास."

"तुम्हीच म्हणाला, येऊ नको."

"आलास ना?"

"पाने न्यायला आलो."

"मग ने." पट्टी लागली, जॅक गडगडला, माझ्या पायाशी येऊन थांबला. त्यांनी तो बघितला. मग पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. डोळे जागरणानं तांबडे झालेले. "आधी हा धर. काळा करून घेऊ, मग दाबून बघू. जोडलास तू, दांडा तूच मारायचा."

बाहेर वहिनींनी रिक्षावाल्याला हॉर्न वाजवायला लावला.

मी खाली बसलो आणि जॅक दोन्ही हातांनी धरला.